बेअरिंगची गाडी: तुमच्या गावात बेअरिंग कुठून यायचं?

उद्यमनगरी

मंडळी, फळीची गाडी, म्हणजे फळीखाली चाकांच्या जागी जुनी बॉल बेअरिंग ठोकलेली, इथल्या निम्म्या लोकांनी केली असणार, त्यामुळे "कोणी केली होती का" हे विचारतच नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. फळी कुठंही मिळते, खिळे घरात असतात, दोरी विहिरीवरची चालते. बेअरिंग कुठून आणायचात?

आम्ही कोल्हापूरचे. उद्यमनगरच्या कडेला घर, त्यामुळे आमची चैन होती. लेथची दुकानं, ऑइल इंजिनचे सुटे भाग करणारे, विजेच्या मोटारींची जळकी तार बदलणारे रिवाइंडिंगवाले, सगळे चालायच्या अंतरावर. रिवाइंडिंगच्या दुकानात मोटार उघडली की जुनं बेअरिंग पुलरनं ओढून काढतात आणि नवं बसवतात. जुनं जातं कोपऱ्यातल्या डब्यात. तो डबा म्हणजे आमची खाण. मिस्त्रीला चहा आणून दिला, दुकान झाडलं, की एखादं मिळायचं. पण चारी एका मापाची मिळवणं हे खरं काम. दोन पुढं एका मापाची आणि दोन मागं एका मापाची असली तरी चालून जायचं.

बेअरिंगवरचे आकडे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ. ६२०३ म्हणजे आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४०. ६२०४ म्हणजे भोक २०, बाहेर ४७. ६२०५ म्हणजे २५ आणि ५२. चारपासून पुढं शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणलं की भोकाचं माप मिळतं, हे मला मिस्त्रीनं सांगितलं, शाळेनं नाही. पंख्यातलं ६२०२ पण यायचं हाताला, पण ते ३५चं, रस्त्यावरच्या खडीत अडकायचं. सगळ्यात गोड ६२०४.

आस बाभळीचा. चौकोनी दांडक्याची टोकं वाकसानं तासत आणायची, बेअरिंग जेमतेम शिरेल इतकी, मग लाकडी ठोकळा वर ठेवून हाणायचं. हातोडी थेट बाहेरच्या कड्यावर मारली की गोळ्यांच्या खाचेत खड्डे पडले म्हणून समजा, मग गाडी जन्मभर खडखडणार. टोकाला करवतीनं चीर पाडून त्यात पाचर ठोकायची. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की बेअरिंग ढिलं व्हायचं, त्यावर उपाय म्हणजे शर्यतीच्या आदल्या रात्री आस बादलीत.

पुढचा आस मध्ये एका बोल्टवर फिरता. दोन्ही टोकांना दोरी, पाय पण त्याच्यावरच. वळवताना दोरीपेक्षा पायच जास्त कामाला यायचे. उतार टेंबलाईच्या टेकडीचा. आवाज असा की खालच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या आधीच दारात येऊन शिव्या तयार ठेवायच्या.

तुमचं सांगा.

---

जुनाबाजार

धागा छान. पण शीर्षकाखाली "गो-कार्ट" असा टॅग दिसतोय, त्यावर माझी हरकत नोंदवतो. गो-कार्टला इंजिन लागतं. आर्ट इंगल्सनं १९५६ साली कॅलिफोर्नियात पहिली केली तीच मुळी गवत कापायच्या यंत्राचं इंजिन लावून. आपली ती उतारावरची गाडी.

आता उत्तर. पुण्यात बुधवार आणि रविवार, जुना बाजार. चिंचवडला बेअरिंग करणाऱ्या एसकेएफचा कारखाना साठच्या दशकापासून आहे, आमच्या वर्गात निम्म्यांचे वडील पिंपरी-चिंचवडला कुठल्या ना कुठल्या कंपनीत, पण नव्या बेअरिंगचा आम्हाला काय उपयोग? नवं घ्यायला पैसे कुठे होते! जुन्या बाजारात गोणपाटावर ढीग असायचा. बोट आत घालून बाहेरचं कडं फिरवायचं आणि कानाशी धरायचं. किरकिर आली तर ठेवून द्यायचं. विक्रेता म्हणायचा, "घे रे, रॉकेलमध्ये टाक, बोलेल." कधी बोलायचं, कधी नाही.

---

मनमाडची_लेक

उद्यमनगरी दादा, तुमची गाडी खेळाची. आमची पाण्याची.

मनमाडचं पाणी किती दिवसांनी येतं हा महाराष्ट्रभर चेष्टेचा विषय आहे, त्यामुळे जास्त सांगत नाही. वाघदर्डी धरण आटलं की टँकरची वाट बघायची नाहीतर लांबच्या हातपंपावर जायचं. डोक्यावर दोन हंडे नेण्यापेक्षा बेअरिंगच्या गाडीवर चार येतात. म्हणून प्रत्येक वाड्यात गाडी. रुंद फळी, कडेनं पट्ट्या ठोकलेल्या, म्हणजे हंडा सरकत नाही. हंड्याच्या तोंडावर ओलं फडकं, त्यावर ताटली, तरी घरी येईपर्यंत पाऊण हंडाच उरायचा.

बेअरिंग कुठून? पानेवाडीला पेट्रोल-डिझेलचे डेपो आहेत, त्यामुळे टँकर आणि ट्रकची गॅरेजं पुष्कळ. पण इथे एक मेख आहे. ट्रकच्या चाकातलं बेअरिंग आपल्याला चालत नाही. ते टेपर रोलरचं असतं, बाहेरचा कप वेगळा आणि आतला कोन वेगळा, हातात घेतलं की दोन तुकडे. माझ्या भावानं एवढं मोठं जड बेअरिंग मिळालं म्हणून नाचत घरी आणलं आणि आसावर ठोकल्यावर कप गडगडत गटारात गेला. गिअरबॉक्समधलं मागायचं, ते बॉल बेअरिंगचं.

मुली गाडीवर बसून शर्यत लावत नव्हत्या. कोणी लावू देत नव्हतं. पण पाणी आणायचं काम आमचंच होतं ना! हातपंप उताराच्या खाली. जाताना गाडी रिकामी, हंडे मांडीत, आणि आम्ही बसून. आई विचारायची, "इतक्या लवकर कशी पोचलीस गं?" परत येताना मात्र ओढून हाताला घट्टे. त्यामुळे भावांपेक्षा उतार आम्हीच जास्त उपभोगला असं माझं मत आहे.

---

खटपट्या

ताई, भारी! जाताना रिकामी गाडी हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

---

मागावरचा

इचलकरंजी. सगळ्यांना वाटतं की आमच्याकडे बेअरिंगचा पाऊस पडत असेल. गावात १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, तेव्हापासून गल्लोगल्ली खडखडाट. पण साध्या मागात बॉल बेअरिंग शोधायला गेलात तर पस्तावाल. तिथं बुश, म्हणजे बिनगोळ्यांचं नुसतं कडं. बेअरिंग फक्त मागाच्या मोटारीत, आणि एका मोटारीत दोनच. मोटार जळली तरी मालक पुन्हा भरून घेणार आणि बेअरिंग फिरतंय तोवर फिरवणार.

मग आम्ही काय करायचो? मोटार दुरुस्तीला जाताना हातगाडी ढकलायला पोरं लागायची. आम्ही हजर. दुरुस्तीवाला बेअरिंग बदलेपर्यंत तिथंच बसून राहायचं. कांडीवाल्या बाया, जॉबर, फिटर, सगळ्यांना माहिती की ही पोरं बेअरिंगसाठी बसलीत. माझी गाडी तीन चाकांची होती कारण चौथं मिळालंच नाही. पुढं एक, मागं दोन. आणि सांगतो, तीन चाकंच चांगली. खड्डा असो, दगड असो, तिन्ही जमिनीला टेकतात. चारचाकीचं एक चाक कायम हवेत.

---

उद्यमनगरी

मागावरचा भावा, तीन चाकं वळणावर उलटतात. लिहून ठेव.

---

मागावरचा

चालवणारा उलटवतो.

---

कोलफिल्ड

अबे तुम्ही लोकं एकेक बेअरिंगसाठी रडून राहिले. आमच्याकडं चंद्रपूरले या. कोळशाच्या खाणीत कन्व्हेयरचा पट्टा ज्या रोलरवरून जाते ना, त्या दर रोलरच्या दोन्ही टोकाले बेअरिंग. पट्टा किती लांब, आन् रोलर किती, तुम्हीच हिशोब करा. बाद झालेले रोलर लिलावात भंगारवाल्याकडं जायचे आन् भंगारवाला आमच्या वस्तीतलाच. बेअरिंग आमच्याकडं किलोवर.

आमचा प्रॉब्लेम वेगळा होता. उतारच नाही! सपाट गाव. मंग मागून बांबूनं ढकलायचं. एक बसणार, दोन ढकलणार, पाळीपाळीनं. जो जाडा त्याले कोणी ढकलायले तयार नाही. आन् उन्हाळ्यात डांबर पातळ झालं का बेअरिंग डांबरात रुतलं. मे महिन्यात गाडी फक्त सकाळी सातच्या आत.

आन् बेअरिंगच्या खाचेत कोळशाची भुकटी बसली का ते संपलं. रॉकेलमध्ये दोनदा धुवावं लागे. आई म्हणे, स्टोव्हले रॉकेल नाही आन् तुले गाडीले पाहिजे.

---

गॅलरीतला

लालबाग. गिरणी कामगाराचं घर, दहा बाय बाराची खोली. उतार आमच्याकडेही नाही, पण चाळीची गॅलरी होती. लांबच लांब, शहाबादी फरशी, गुळगुळीत. तिथे गाडी सोडली की पहिल्या मजल्यावरची ढकलगाडी तळमजल्यावर भूकंप वाटायची. रात्रपाळी करून दुपारी झोपलेले कामगार म्हणजे आमचे जानी दुश्मन. एका काकांनी फळीच उचलून गच्चीवर टाकली आणि चाळ कमिटीत विषय नेला. कमिटीनं ठराव केला की दुपारी एक ते चार गाडी बंद. ठराव वहीत आहे, मस्करी नाही.

मग १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. पाळ्याच राहिल्या नाहीत. दुपारी झोपणारं कोणी नव्हतं, ठराव आपोआप बाद झाला. पण मोठी माणसं दिवसभर गॅलरीत बसून असायची, त्यांच्या पायांतून गाडी न्यायला जीव व्हायचा नाही. आम्ही गाडी घेऊन खाली रस्त्यावर गेलो. त्यावर्षी माझ्या भावानं त्याच गाडीवरून मंडईतनं भाजी आणून चाळीत विकली.

बेअरिंगचं विचारलंत ना. दारूखाना. रे रोडला जहाजं तोडायचे, त्यातलं काहीही मिळायचं. जहाजातलं बेअरिंग मात्र आमच्या फळीच्या वजनाचं निघायचं, ते नुसतं बघून यायचं. आपल्या मापाचं बाहेरच्या छोट्या दुकानांत.

---

कातळशिल्पी

रत्नागिरीकडची बाजू मांडतो. आमच्याकडे उतार इतका की विचारू नका, आणि बेअरिंग नाही. असतं तरी लाल मातीच्या, चिरेखाणीच्या खडीच्या रस्त्यावर ते दोन हात गेलं नसतं. चाक लहान आणि खडा मोठा, तिथे गाडी जागच्या जागी थांबते आणि स्वार पुढे जातो.

आम्ही पोफळीच्या विरीवर बसायचो. झावळी गळून पडली की तिचं रुंद बूड, त्यावर एक जण बसणार आणि दुसरा झावळीचं टोक धरून ओढणार. पावसात गवताच्या उतारावर कोणी ओढावंही लागत नाही. ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही, चड्डीचा मागचा भाग नाही.

डांबरी रस्ता गावात आला तेव्हा मी नववीत, आणि तोवर गाडी करायचं वय सरलं असं घरच्यांचं मत पडलं.

---

भौतिकराव

निवृत्त विज्ञान शिक्षक. दोन मुद्द्यांवर बोलायचा मोह आवरत नाही.

एक, जाडा मुलगा उतारावर पुढे जातो की नाही? आमच्या वर्गात हा वाद दरवर्षी व्हायचा. वजन दुप्पट झालं तर खाली ओढणारं बळ दुप्पट होतं, पण हलवायचं वस्तुमानही दुप्पट. तिथे बरोबरी. चाकाचा जमिनीवरचा रोध साधारण वजनाबरोबर वाढतो, तिथेही बरोबरी. मग फरक कुठे पडतो? हवेचा रोध आणि बेअरिंगमधल्या ग्रीसचा चिकटपणा वजनाबरोबर तेवढे वाढत नाहीत. जड मुलाला ते तुलनेनं कमी जाचतात. म्हणून लांब उतारावर तो पुढे जातो. आखूड उतारावर ढकलणारा मित्र कसा आहे त्यावर निकाल.

दुसरा मुद्दा ग्रीसचा. मोटारीच्या बेअरिंगला दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणं असतात, आत ग्रीस. ते बेअरिंग मिनिटाला हजारावर फेरे घ्यायला केलेलं, त्याला तुमची फळी म्हणजे झोपेतलं काम. झाकण स्क्रूड्रायव्हरनं उचकटून, ग्रीस धुऊन, शिलाई मशीनचं तेल दोन थेंब टाकलं तर गाडी लक्षात येण्याइतकी सैल पळते. पण झाकण गेलं की धूळ आत. एका शर्यतीसाठी तेल, सबंध सुट्टीसाठी ग्रीस.

---

उद्यमनगरी

सर, तेल म्हणजे तेलच. ग्रीसवाला आमच्यात कधी जिंकला नाही.

---

कोलफिल्ड

आमच्यात तेलवाल्याची गाडी आठ दिवसांत भंगारात. ग्रीस.

---

ओहायोकर

अमेरिकेत ओहायो राज्यात ॲक्रनजवळ राहतो, त्यामुळे मला बोलायलाच हवं. इथे डर्बी डाउन्स नावाचा खास उतार आहे, १९३६ साली बांधलेला, फक्त मुलांच्या बिनइंजिनाच्या गाड्यांसाठी. या शर्यतींची सुरुवात डेटन शहरात झाली. १९३३मध्ये तिथल्या वर्तमानपत्राचा छायाचित्रकार मायरन स्कॉट यानं मुलांना खोक्यांच्या गाड्या पळवताना पाहिलं आणि शर्यतच भरवली. १९३४ साली पहिली राष्ट्रीय शर्यत, १९३५पासून ॲक्रनला. त्या १९३५च्या शर्यतीत एक गाडी भरकटून थेट रेडिओवर धावतं वर्णन करणाऱ्या निवेदकांवर गेली होती.

भौतिकराव सर, वजनाचा वाद इथे नियमानं मिटवलाय. गाडी आणि चालक मिळून वजनाची मर्यादा ठरलेली, मुलगा हलका असेल तर गाडीत वजन भरून बरोबरी करतात. तरी माणूस तो माणूसच. १९७३ साली जिंकलेल्या गाडीच्या नाकात विद्युतचुंबक सापडला. सुरुवातीला गाड्या लोखंडी फळीला टेकवून उभ्या करतात, ती फळी खाली पडताना चुंबक गाडीला पुढे ओढून घ्यायचा. मुलगा बाद झाला.

आणि मनमाडच्या ताई, मुलींना तिथे प्रवेश १९७१पासून. १९७५ साली एक मुलगी जिंकलीसुद्धा.

माझ्या सासुरवाडीच्या लोकांना मी त्या उतारावर नेलं, तर सासरे म्हणाले, "एवढा मोठा रस्ता आणि गाडीत एकच मूल? आम्ही तीन बसायचो."

---

जुनाबाजार

चुंबक! आमच्याकडे फक्त ढकलणाऱ्याला फितवायचे.

---

दोन_पोरांची_आई

सगळा धागा मुलाला वाचून दाखवला ही चूक झाली असं आता वाटतंय. पाचवीत आहे, कालपासून गाडी पाहिजे म्हणून मागे लागलाय. ठाण्यात राहतो. सोसायटीत पार्किंगकडे जाणारा उतार आहे. घरात फिजेट स्पिनर आणि जुने स्केट्स आहेत, त्यांतली बेअरिंग काढून करू का? आणि ब्रेकचं कोणीच काही लिहिलं नाही, तेवढं सांगा, मग पुढचं बघू.

---

उद्यमनगरी

ताई, ती बहुतेक ६०८ असतात. भोक ८ मिलिमीटर, बाहेर २२. फरशीवर चालतील, बाहेर फटीत अडकतील. एखाद्या रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन ६२०४ मागा. सोसायटीत पेव्हर ब्लॉक आहेत का? असतील तर गाडी पळेल पण पोराचे दात वाजतील. पार्किंगचा उतार काँक्रीटचा असेल तर उत्तम, फक्त त्या वेळी गाड्यांची ये-जा बंद पाहिजे. वॉचमनकाकांना आधीच पटवा, नाहीतर खाली कोणी रिव्हर्स घेत असतं.

ब्रेक आमच्याकडं चप्पल होती, खरं सांगायचं तर. टाच रस्त्यावर टेकवायची. आठवड्याला एक स्लिपर झिजायची आणि घरी मार. तुम्ही असं करू नका.

---

मागावरचा

ताई, नीट ब्रेक असा. फळीच्या उजव्या कडेला हातभर दांडका एका बोल्टवर सैल बसवायचा. खालच्या टोकाला जुन्या स्कूटरच्या टायरचा तुकडा खिळ्यांनी ठोकायचा. वरचं टोक मागं ओढलं की रबर रस्त्याला घासतं. बेअरिंगच्या चाकावर ब्रेक लावू नका, पोलाद गुळगुळीत असतं, चाक थांबेल पण गाडी घसरतच जाईल. आणि ब्रेक एकाच बाजूला असला तर गाडी त्या बाजूला वळते, म्हणून दोन लावा किंवा मागं मधोमध लावा.

---

मनमाडची_लेक

फळीला चारी कडेनं पॉलिश पेपर मारा. कुसळ कुठे लागतं हे इथल्या पुरुषांनी लाजून लिहिलेलं नाही. हेल्मेट, बूट, आणि बोटं फळीच्या कडेखाली जाणार नाहीत अशा दोन खुंट्या धरायला.

---

दोन_पोरांची_आई

सुताराकडे जाऊन आले. बेअरिंग मिळाली, दुकानदारानं जुनी तशीच दिली, वर विचारलं, "शाळेचा प्रोजेक्ट का?" मुलगा म्हणाला, "नाही, गाडी." फळी कापून ठेवलीय. आता सुतार विचारतोय आस किती करू, चाकं तीन की चार?

---

उद्यमनगरी

चार.

---

मागावरचा

तीन. वर कारण दिलंय.

---

कोलफिल्ड

चार घ्या ताई, एक निघालं तरी तीन उरते.

---

मनमाडची_लेक

शर्यत लावायची असेल तर चार. पुढे कधी पाण्याचे कॅन वाहायला लावणार असाल तर फळी रुंद ठेवा आणि तीन.